५३ मिलिसेकंद : कोणी कोणाला धुतलं?

चक्रधर

मंडळी, गौरी जेवणाच्या दिवशी पंगतीत पुरणपोळीवर तूप घेता घेता भाच्याने जाहीर केलं, "मामा, तुझ्या पोर्शला कॉर्व्हेटने धुतलं." माझी पोर्श म्हणजे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं चित्र. खाली पार्किंगमध्ये नऊ वर्षांची हॅचबॅक उभी असते, ती वेगळी. तरी लागलंच.

आकडे असे. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर, म्हणजे त्या जुन्या जंगलातल्या ट्रॅकवर, पोर्श ९११ जीटी३ आरएसने ऑक्टोबर २०२२ मध्ये ६:४९.३२८ ची (सहा मिनिटं, ४९.३२८ सेकंद) लॅप, म्हणजे एक फेरी, मारली. कॉर्व्हेट झेडआर१एक्सने २०२५ मध्ये ६:४९.२७५. दोन्ही वेळा पूर्ण २०.८३२ किलोमीटरच्या. फरक ०.०५३ सेकंद.

जेवण झाल्यावर पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. २०,८३२ मीटर भागिले ४०९.३ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५०.९ मीटर, तासाला १८३ किमीची सरासरी. त्या वेगाने ५३ मिलिसेकंदांत गाडी २.७ मीटर जाते. जवळजवळ २१ किलोमीटर ऊर फुटेस्तोवर पळायचं आणि पुढे किती, तर गाडीच्या स्वतःच्या लांबीपेक्षाही कमी!

आता ताकद बघा. पोर्शची ५२५ अश्वशक्ती, कॉर्व्हेटची १,२५०, तीही पुढच्या चाकांना विजेची मोटर लावून. सातशे पंचवीस घोडे जास्तीचे जुंपून २.७ मीटर मिळाले. मग धुतलं कोणी कोणाला? भाचा म्हणतो, "जिंकला तो जिंकला." जाणकारांनी निवाडा करावा.

बाकरवडी

पहिला नंबर! खुर्ची टाकून बसलोय.

नियमावली

भाच्याशी सहमत. घड्याळाला अश्वशक्ती कळत नाही. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत "त्याचे पाय लांब होते" असं कोणी म्हणतं का? तक्त्यात जो वर, तो वर. उगाच मामाच्या समाधानासाठी नियम वाकवू नका.

आयफेलकर

मी गेली अकरा वर्षं बॉनजवळ राहतो. ट्रॅक घरापासून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे या विषयावर बोलायला कोणी मिळालं की मी थांबत नाही, आधीच सांगतो.

नियमावली साहेब, तक्त्यात वर-खाली बघायच्या आधी लॅप केवढी होती ते बघावं लागतं. तुमच्या या दोन गाड्यांची लॅप सारखी आहे, नशीब. २०१९ च्या आधीच्या बहुतेक गाजलेल्या वेळा २०.६ किलोमीटरच्या आहेत. टी१३ नावाच्या स्टँडसमोरचा २३२ मीटरचा तुकडा त्यात धरत नसत. स्टँडच्या एका टोकाला घड्याळ सुरू, पूर्ण फेरी मारून दुसऱ्या टोकाला बंद. २०१९ पासून ट्रॅकवाल्यांनी नियम केला की अधिकृत वेळ हवी असेल तर रेषेपासून त्याच रेषेपर्यंत, आणि शिक्कामोर्तब करायला नोटरी हजर हवा.

२३२ मीटर म्हणजे काय असं वाटेल. मर्सिडीज-एएमजी जीटी ब्लॅक सिरीजने नोव्हेंबर २०२० मध्ये मारलेल्या एकाच लॅपच्या दोन वेळा जाहीर झाल्या. जुन्या मापाने ६:४३.६१६, नव्या मापाने ६:४८.०४७. गाडी तीच, ड्रायव्हर मारो एंगेल तोच, फेरीसुद्धा तीच. फरक ४.४३१ सेकंद. इथे चक्रधरराव ५३ मिलिसेकंदांवरून भाच्याशी अबोला धरायच्या बेतात आहेत.

म्हणून कोणी २०१८ च्या लॅम्बोर्गिनी अव्हेंतादोर एसव्हीजेचे ६:४४.९७ दाखवून "बघा, आजच्या कॉर्व्हेटपेक्षा भारी" म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या मापाने? ते जुन्या मापाने आहेत. वर चार-साडेचार सेकंद चढवा, म्हणजे गाडी कॉर्व्हेटच्या शेजारी येऊन बसते.

हेडलाइट_काका

मला एक कळत नाही. मोकळा, सपाट ट्रॅक सोडून सगळे या जंगलातच का जातात मोजायला?

आयफेलकर

काका, कारण तिथे गाडीचं काहीच लपत नाही. १९२७ चा ट्रॅक. ७३ वळणं, सर्वांत खालच्या आणि वरच्या ठिकाणात सुमारे ३०० मीटरचा चढ-उतार. फ्लुगप्लात्झ नावाच्या उंचवट्यावर गाडी हलकी होऊन जमीन सोडू बघते. फुक्सरोऱ्हंमध्ये उतारावरून सुसाट खाली येता आणि तळाला गाडी अशी दाबली जाते की सस्पेन्शन शेवटाला टेकतं. कारुसेल म्हणजे काँक्रीटची तिरकी घळ. त्यात चाकं टाकली की दात वाजतात. एका गाडीला घाट, ओहोळ, हायवे आणि खड्डा एकाच फेरीत दाखवायचा असेल तर दुसरी जागा नाही. फॉर्म्युला वनच्या जॅकी स्टुअर्टने तिला हिरवा नरक म्हटलं ते उगाच नाही. १९७६ मध्ये रेसर निकी लाउडाचा अपघात झाला आणि फॉर्म्युला वन तिथून गेलं ते गेलंच.

पण हाच ट्रॅक तुलनेला सगळ्यांत वाईटही आहे. आयफेलचं, म्हणजे ट्रॅकभोवतीच्या डोंगराळ भागाचं, हवामान म्हणजे आपला माळशेज. स्टँडपाशी ऊन असतं आणि लांबच्या बेर्गवेर्क वळणाला रस्ता ओला. झाडांच्या सावलीतला डांबर दुपारपर्यंत वाळत नाही. लोकांनी रंगाने रस्त्यावर नावं लिहून ठेवली आहेत, ती ओली झाली की साबण.

पुरावा हवा? मर्सिडीज-एएमजी वन. फॉर्म्युला वनच्या १.६ लिटर इंजिनावर बेतलेली, हजारावर अश्वशक्तीची गाडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारो एंगेलने तिच्यावर ६:३५.१८३ केले, रस्ता जागोजागी दमट. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच माणूस तशीच गाडी घेऊन कोरड्या रस्त्यावर गेला. ६:२९.०९०. सहा सेकंद! आता सांगा, एएमजी वनची 'खरी' वेळ कोणती?

कोपरखळी

दोन्ही. सासरची वेगळी, माहेरची वेगळी.

रबरबाई

आयफेलकरांचे प्रतिसाद बाजूला साठवून ठेवले आहेत. माझी रोजीरोटी टायरवर चालते (चाचणी विभाग, पुणे, याहून जास्त सांगत नाही), तेव्हा माझा मुद्दा अपेक्षित आहे. तुम्ही सगळे इंजिनावर भांडता. रस्त्याला टेकलेलं आहे काय? तळहाताएवढे रबराचे चार तुकडे.

या विक्रमी वेळा ज्या टायरवर होतात ते कायद्याने रस्त्यावर चालणारे असतात, पण बघाल तर त्यांना खाचा नावापुरत्या. रबर मऊ. अशा टायरला ठरावीक तापमान लागतं. त्याखाली ते लाकूड, त्याच्या वर लोणी. नॉर्डश्लायफवर गंमत अशी की फेरी इतकी लांब आहे की पहिल्या वळणाला टायर पुरेसा गरम हवा आणि शेवटच्या वळणाला तो जिवंत हवा. छोट्या ट्रॅकवर दोन फेऱ्या तापवायला मारता, तिसरी मोजता. इथे तसं केलं तर मोजायच्या फेरीच्या आधीच टायरने ४२ किलोमीटर खाल्लेले असतात.

चक्रधर, तुमच्या लाडक्या पोर्शकडेच बघा. ९९२ पिढीच्या साध्या जीटी३ ने २०२१ मध्ये ६:५९.९२७ केले, आपोआप गिअर बदलणाऱ्या पीडीके गिअरबॉक्सवर. त्याच पिढीची सुधारलेली जीटी३ २०२५ मध्ये हाताने गिअर टाकत ६:५६.२९४ ला आली. ताकद दोन्हींची ५१० अश्वशक्ती. हाताच्या गिअरने वेळ वाढायला हवा ना? साडेतीन सेकंदांहून जास्त कमी झाला. सस्पेन्शन, टायर, हवेचा दाब, ड्रायव्हर, त्या दिवसाचं ऊन, सगळ्यांनी थोडं थोडं दिलं. एकाच्या नावावर पावती फाडता येत नाही.

आणि जीटी३ आरएसला घोडे कमी का पुरतात तेही सांगते. २८५ किमी वेगाला हवा त्या गाडीला ८६० किलोने खाली दाबते. अख्खी मारुती अल्टो टपावर बसवली तरी इतकं वजन होत नाही. फरक एवढाच की अल्टो बसवली तर वळणात ते वजन ओढावंही लागेल. हवेचं वजन ओढावं लागत नाही. पण सरळ रस्त्यावर हीच हवा पुढून छाती अडवते. पोर्शच्या त्या विक्रमाच्या दिवशी ड्योटिंगर ह्योहंच्या दोन किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर समोरून जोराचा वारा होता, ट्रॅकही गार होता. तुमचे २.७ मीटर त्या वाऱ्यात कितीदा उडाले असतील, मोजा.

चक्रधर

रबरबाई, तुमच्या तोंडात साखर पडो. हा परिच्छेद भाच्याला पाठवला आहे. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

नियमावली

वाऱ्याची सबब दिली तर मग ड्रायव्हरचीही द्या. पोर्श चालवत होता योर्ग बर्गमाइस्टर, आयुष्य शर्यतीत गेलेला माणूस. कॉर्व्हेट चालवत होता ड्रू कॅटेल, कंपनीचा इंजिनिअर. जनरल मोटर्सने मुद्दाम भाड्याचा रेसर न आणता गाडी बनवणाऱ्यांनाच बसवलं. त्या गाडीत बर्गमाइस्टर बसला असता तर?

चक्रधर

हे मला माहीत नव्हतं. च्यायला.

बाकरवडी

भाच्याला कोणीतरी हा प्रतिसाद दाखवू नका रे.

जुना_टोपणनाववाला

ही भांडणं नवी नाहीत हो. २००८ साली निसान जीटी-आर ७:२९ करून आली तेव्हा आम्ही सायबर कॅफेत बसून भांडलो होतो. पोर्शचा विश्वास बसेना. त्यांनी अमेरिकेत एक जीटी-आर विकत घेतली, स्वतःच्या माणसाला बसवलं, आणि सांगितलं की आम्हाला ७:५४ च्या खाली जाता येत नाही. पंचवीस सेकंदांचा फरक! निसान म्हणाली, आमची गाडी आणि आमचे टायर नेहमीचेच होते, तुम्हाला चालवता आली नाही. नळावरचं भांडण आणि हे यात फरक नाही, फक्त इथे हंडे महाग.

मला मात्र आठवते ती व्हायपर. २०१७ ची गोष्ट. डॉज व्हायपर एसीआर बंद होणार होती आणि कंपनीला रिंगवर (न्यूरबर्गरिंगवर) जायचा उत्साह नव्हता. मग मालकांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढली. हो, आपल्या गणपतीसारखी! गाड्या जर्मनीला नेल्या, ड्रायव्हर ठरवले, ट्रॅकवर वेळ विकत घेतला. सात मिनिटांच्या आत यायचं होतं. ७:०१.३ वर अडकले. आणखी एक प्रयत्न केला, टायर फुटला, गाडी आदळली, खेळ खलास. १.३ सेकंद राहिले ते राहिलेच. तक्त्यात ती गाडी कुठेतरी खाली असेल. माझ्या तक्त्यात ती वर आहे.

हेडलाइट_काका

आवडलं. वर्गणी म्हटल्यावर पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आलं.

घाटरस्ता

परदेशातलं पुरे, आपल्याकडचं कोणी बोलणार का? ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किमी. २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वन आलं, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. २०११ च्या शर्यतीतली त्याची सर्वांत वेगवान फेरी १:२७.२४९. मर्सिडीज-एएमजी जीटी आर भारतात आली तेव्हा तिने तिथे २:०९.८५३ केले होते. ज्यांना सुपरकार म्हणजे शर्यतीची गाडी वाटते त्यांनी ही वजाबाकी करावी. पाच किलोमीटरमध्ये बेचाळीस सेकंद!

आता माझी लाज. दोन वर्षांपूर्वी कोईम्बतूरच्या कारी स्पीडवेवर ट्रॅक डेला गेलो. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक, माझी साधी हॅचबॅक, खिशात फोन आणि त्यात लॅप टायमरचं ॲप. दुसऱ्या फेरीला ॲपने अशी वेळ दाखवली की मी हेल्मेटमध्ये ओरडलो. चौथ्या फेरीला वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल स्पंजासारखं खाली गेलं. गाडी वळणाऐवजी सरळ मातीत. इजा झाली नाही, बंपर आणि अब्रू गेली. चूक शंभर टक्के माझी. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, हवेतलं पाणी शोषलं की तोच १५५ वर येतो. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक दाबला जात नाही.

वर कडी म्हणजे पिटमध्ये एका पोराने ॲप बघून विचारलं, "अंकल, फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो ना?" ताशी १०० किमीला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते. मधलं सगळं ॲप अंदाजाने भरत होतं. अधिकृत वेळ माझ्यापेक्षा सव्वा सेकंदाने जास्त निघाली.

रबरबाई

घाटरस्ता, टायरमध्ये हवा किती होती?

घाटरस्ता

पंपावर भरतो तेवढीच. ३३.

रबरबाई

आणि आत आल्यावर मोजली? चाळीशीला गेली असणार. थंड असताना कमी भरून गरम झाल्यावर हव्या त्या आकड्याला येऊ द्यायची असते. तुमची हॅचबॅक फुग्यांवर पळत होती. काही वेळ तिथेही गेला असेल.

प्रवासी_पक्षी

आयफेलकर, तुम्ही स्वतः रिंगवर गाडी चालवली आहे का? वेळ सांगा ना.

आयफेलकर

चालवली, आणि वेळ सांगणार नाही, कारण मोजायला बंदी आहे. सामान्य लोकांसाठी ट्रॅक उघडतो तेव्हा तो कायद्याने टोल रस्ता असतो. ओव्हरटेक फक्त डावीकडून, वाहतुकीचे नियम लागू, घड्याळ लावणं मना. शिवाय ड्योटिंगर ह्योहंवरच आत शिरायचं आणि तिथेच बाहेर पडायचं असल्याने पूर्ण वेगाची पूर्ण फेरी होतच नाही. जे चोरून मोजतात ते पुलापासून कमानीपर्यंत मोजतात, सुमारे १९ किमी. म्हणजे झालं तिसरं माप. इंटरनेटवर कोणी "माझे आठ मिनिटं" म्हटलं की ते बहुतेक हे असतं, आणि लोक ते कारखान्याच्या आठ मिनिटांशेजारी ठेवून मोकळे होतात.

माझी पहिली फेरी भाड्याच्या स्विफ्टमध्ये. आधी कागदावर सही करून घेतात की कठडा वाकवला तर मीटरच्या हिशोबाने भरपाई द्यावी लागेल. ते वाचल्यावर माझा पाय आपोआप हलका झाला. संगणकावरच्या खेळात मी ही वळणं शेकडो वेळा घेतली होती. खेळात चढ दिसतो, पोटात येत नाही. आडेनाउअर फोर्स्ट नावाच्या वळणाला मी जिथे वळायला हवं होतं त्याच्या आधीच वळू लागलो, कारण चढापलीकडे रस्ता दिसत नव्हता आणि मनाला धीर नव्हता. आरशात बघितलं तर मागे एक व्हॅन. सामान वाहायची, शिडी लावलेली व्हॅन. तिला जायला वाट दिली. तिने जाताना आभाराचा दिवा दाखवला.

तिथल्याच साबिना श्मिट्झबाईंची आठवण आली. न्यूरबुर्ग गावात वाढलेल्या, १९९६ आणि १९९७ ला तिथली २४ तासांची शर्यत जिंकलेल्या. २०२१ मध्ये गेल्या. ट्रॅकच्या पहिल्या वळणाला आता त्यांचं नाव आहे. त्यांनी टीव्हीवर अशाच एका व्हॅनमधून भल्या भल्या गाड्यांच्या मागे लागून दाखवलं होतं. चक्रधर, घोडे मोजायला बसलात की ते बघा.

नियमावली

ठीक. मग तुलना करायचीच नाही का? एवढे आकडे कशाला छापतात?

रबरबाई

करा ना. एकाच दिवशी, एकच ड्रायव्हर, सारख्या जातीचे नवे टायर, गाड्या आलटून पालटून. मासिकवाले करतात तशी. तरीही अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक मी फरक धरत नाही. माझ्या कामात तोच माणूस तीच गाडी सलग पाच फेऱ्या चालवतो तेव्हाही आकडे एक येत नाहीत.

चक्रधर

म्हणजे बरोबरी! हेच तर म्हणत होतो मी पंगतीत.

भाचा_नंबर_एक

नमस्कार. खास या धाग्यासाठी सदस्य झालो.

मामा, वारा मान्य, टायर मान्य. ड्रायव्हरचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. पण तुझा पाकिटामागचा हिशोब चुकलाय. तू सरासरी वेग धरलास. पुढे किती होती हे शेवटच्या रेषेवर ठरतं, तेव्हा वेगही तिथला धरायला हवा. आयफेलकर काकांनीच आकडा दिलाय. २३२ मीटरला ४.४३१ सेकंद, म्हणजे रेषेजवळ सेकंदाला ५२.४ मीटर. ती मर्सिडीज असली तरी या गाड्यांचाही वेग तिथे साधारण तसाच धरायला हरकत नाही. गुणिले ०.०५३.

२.७८ मीटर.

आठ सेंटीमीटर आणखी हरलास.

चक्रधर

दिवाळीला येतोयस ना? हॅचबॅकची किल्ली तुला देणार नाही.